बाणेर ते कोथरूड: पाच सेक्टर आणि एक व्हेलोड्रोम

सायकलचे टायर अखेर बदलले. 28 मिमीचे काढले, 32 मिमीचे चढवले. फ्रेममध्ये 35 सुद्धा बसतात, पण मग मडगार्ड बसत नाही, आणि जुलैत मडगार्डशिवाय ऑफिसला जाणारी बाई पाठीवर चिखलाचा उभा पट्टा घेऊन मीटिंगला बसते. हवा पुढे 55, मागे 60 पीएसआय. यावर आपल्या सायकलवाल्यांतले काही जण नाक मुरडतील, कारण टायरच्या कडेला छापलेला कमाल आकडा हेच ध्येय असं त्यांना वाटतं. लाकडी ट्रॅकवर टणक टायर पळतो, मान्य. खडबडीत रस्त्यावर मात्र तो प्रत्येक उंचवट्यावर सायकलीला आणि आपल्याला वर उडवतो, आणि त्या उडण्यात गेलेली ताकद पुढे जायच्या कामाची नसते. शर्यतीतली मंडळी 23 मिमीवरून 28, 30, 32 वर आली ती काही मऊ गादीच्या हौसेनं नाही.

टायरवरून आठवलं, या हंगामात मी ऑफिसच्या रस्त्याचं वर्गीकरण करून टाकलं आहे. कल्पना पॅरिस–रूबेची, म्हणजे फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांवरच्या एकदिवसीय सायकल शर्यतीची. 2025ची शर्यत साधारण 259 किलोमीटरची होती, त्यातले 55 किलोमीटर दगडी फरसबंदी, तीस सेक्टरमध्ये विभागलेली. सेक्टरचे क्रमांक उलटे जातात, तीसपासून सुरू होऊन एकवर संपतात, आणि प्रत्येकाला एक ते पाच तारे. जितके तारे जास्त, तितके हाल जास्त. पूर्ण पाच तारे फक्त तिघांना: आरेनबर्गचं जंगल, माँ-आँ-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. शेवट रूबेच्या व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल ट्रॅकवर, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून चक्क एक दगड. त्या दगडांची निगा राखायला तिकडे स्वयंसेवकांची संघटना आहे. रस्ता खराबच राहावा, पण नीट खराब राहावा, म्हणून ही माणसं राबतात. आपल्याकडे हे काम संघटनेशिवाय होतं.

तर संध्याकाळचा परतीचा रस्ता. बाणेरहून निघायचं, व्हेलोड्रोम म्हणजे डहाणूकर कॉलनी. सरळ रेषेत जाता येत नाही, मध्ये वेताळ टेकडी बसली आहे. म्हणून वळसा.

सेक्टर 5, बाणेर रस्ता, चार तारे. इथला मुख्य अडथळा खड्डे नाहीत, चेंबरची झाकणं आहेत. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, झाकण आहे त्याच पातळीवर राहतं. दोन-तीन थरांनंतर ते इतकं खोल जातं की पावसाचं पाणी साचल्यावर दिसतसुद्धा नाही. कुठे कुठे उलटं, झाकण वर आणि रस्ता खाली. झाकणं कुठं आहेत ते मला आता पाठ आहे. रिक्षा कुठून येईल ते मात्र पाठ करता येत नाही.

सेक्टर 4, विद्यापीठ चौक. तारे नाहीत, कारण इथे कुणी हलतच नाही. जुना उड्डाणपूल 2020 साली पाडला तेव्हापासून या चौकाचं रूप किती वेळा पालटलं ते विचारू नका. मी इथे ट्रॅक स्टँडचा सराव करते: पाय न टेकता, पुढचं चाक किंचित वळवून, जागच्या जागी तोल सांभाळायचा. प्रगती चांगली आहे. सिग्नल लाल होतो तेव्हापासून हिरवा होईपर्यंत बहुतेक वेळा जमतं. परवा शेजारच्या स्कूटरवरच्या काकांना माझं ते डुगडुगणं अखेर बघवेना. म्हणाले, "अहो मॅडम, टेका की पाय, कुणी काही म्हणत नाही."

सेक्टर 3, सेनापती बापट रस्ता, दोन तारे. रस्ता बरा, फक्त सिटी बस सांभाळायची. ती स्टॉपवर रस्त्याच्या मधोमध थांबते, मी पुढे जाते. ती मला ओलांडते, पुन्हा थांबते, मी पुन्हा पुढे. लॉ कॉलेज रोडच्या फाट्यापर्यंत हाच खेळ. ऑफिसातला फॉर्म्युला वनवाला मित्र त्या बसला सेफ्टी कार म्हणतो, कारण सगळं ट्रॅफिक तिच्यामागे गोळा होतं आणि ओलांडायची कुणाची टाप नसते.

सेक्टर 2, लॉ कॉलेज रोड. कोरडा असला की एक तारा, ओला असला की तीन. झाडी सुंदर आहे, पण झाडीखाली पानं पडतात, आणि ओली पानं झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडली की ब्रेक हा विषय तेवढ्यापुरता संपतो. वळताना पट्ट्यावर ब्रेक लावायचा नाही, आधी लावून घ्यायचा. शिवाय उभ्या गाड्यांचे दरवाजे. मी उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवून चालवते. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

सेक्टर 1, नळ स्टॉप ते कर्वे पुतळा, पूर्ण पाच तारे, हेच माझं आरेनबर्ग. सुरुवातीला डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, खाली आपण. कडेला सायकल ट्रॅक आहे आणि त्यावर सायकल सोडून सगळं आहे: उभ्या स्कूटर, पाणीपुरीची गाडी, कुणीतरी काढून ठेवलेला फ्लेक्स. जिथे मोकळा आहे तिथे पेव्हर ब्लॉक खचलेले. वाहनांनी शिरू नये म्हणून खांब लावलेत. त्यांच्यामधून माझं हँडल जेमतेम जातं, मोटरसायकलवाले मात्र सहज जातात, कसे ते त्यांनाच माहीत. खचलेल्या ब्लॉकवर एकच उपाय: जड गिअर, हलके हात, वेग कमी करायचा नाही. हे मी टीव्हीवर मॅथ्यू व्हॅन डर पूलकडे बघून शिकले. त्यानं 2025ला सलग तिसऱ्यांदा रूबे जिंकली. त्याला पाणीपुरीची गाडी लागत नाही, एवढाच फरक.

हे सगळं टाळून म्हात्रे पुलाकडून नदीपात्रातल्या रस्त्यानं जाता येतं, असं कुणी म्हणेल. येतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं नसेल तर. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी धरणाचा विसर्ग बघायचा आणि मग रस्ता ठरवायचा, भिडे पूल पाण्याखाली म्हणजे विषय बंद.

पंक्चर. पावसाळ्यात जास्त होतात हे सगळ्यांना माहीत आहे. कडेला वाहून आलेला कचरा आणि ओलं रबर सहज कापलं जाणं ही दोन कारणं. पण माझ्या ट्यूबमधून निघालेला माल बघता खरा गुन्हेगार वेगळा आहे: मोठ्या गाड्यांच्या झिजलेल्या टायरमधून सुटलेली पोलादी तार. केसाएवढी बारीक, बोटाला लागत नाही, चिमट्यानंच निघते. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. आणि प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीच्या, व्हॉल्व्हवाल्यांनी पितळी अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवावा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या दादांनी माझा व्हॉल्व्ह उलटसुलट बघून, "मॅडम, हा तुटलाय," असं निदान केलं होतं. अडॅप्टर लावून दाखवल्यावर त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि हवेचे पैसे घेतले नाहीत.

आता वारा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळी बाणेरकडे जाताना तो तोंडावर आणि संध्याकाळी पाठीशी. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणून समोरून वारा असताना ताशी दोन किलोमीटर जास्त काढायचा हट्ट फार महाग पडतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी अशीच मान खाली घालून चालले होते. बराच वेळ मागे चेनगार्डचा खडखडाट ऐकू येत होता. साधी काळी सायकल, हँडलला डबा, चप्पल घातलेले एक गृहस्थ माझ्या मागच्या चाकाला चिकटून. सिग्नलला शेजारी आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मागं बरं पडतं. वारा लागत नाही." मी म्हटलं, मग आता तुम्ही पुढं व्हा. ते हसले. "आमचं वय झालं." सकाळनगरच्या अलीकडे मला मागे टाकून, पॅडलवर उभे राहून, असे गेले की मला चाक पकडतासुद्धा आलं नाही. पुढच्या गल्लीत वळताना हात मात्र दाखवला. शर्यतीत असं फुकट मागे राहून शेवटी पुढे पळणाऱ्याला शिव्या बसल्या असत्या.

2025च्या जुलैत टूर द फ्रान्स होती, तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत. आपल्या वेळेनं टप्पा संपतो रात्री नऊच्या आसपास, त्यामुळे घरी पोचून, अंघोळ करून शेवटचा घाट बघायला मिळतो, पण तेवढ्या वेळात फोनकडे बघायचं नाही. आमच्या घरी टीव्हीसमोर सासरे असतात. बाबा नोकरीभर सदाशिव पेठेतून खडकीला सायकलनं गेले, गिअर नसलेल्या. त्यांच्या मते ही सगळी पोरं लाडावलेली आहेत: मागून गाडीतून बाटल्या काय, चाक बदलून काय. "आमच्या वेळेला दिव्याशिवाय गेलं तरी पोलीस धरायचा," हे त्यांचं पालुपद. पण एक गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली. गाडीपाशी मागे जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून पुन्हा पुढे धडपडणारा गडी दिसला तेव्हा मी डोमेस्टिक म्हणजे संघातल्या दुसऱ्यासाठी राबणारा, हे समजावायला लागले. ते म्हणाले, "कळलं. आमच्या वर्कशॉपमध्येही होते असे. काम त्यांचं, बढती दुसऱ्याची."

न पटलेली गोष्ट वेगळीच. एकही टप्पा न जिंकता, फक्त एकूण वेळ सर्वांत कमी म्हणून टूर जिंकता येते, हे त्यांना मान्य नाही. मी दाखले दिले, 1990 साली ग्रेग लेमाँड, 2017 साली क्रिस फ्रूम. "एकदाही पहिला नाही आणि एकूणात पहिला? हिशेबात घोळ आहे." मोंत व्हाँतूच्या टप्प्यावर व्हॅलंटाँ पारे-पांत्र आणि बेन हीली शेवटच्या काही मीटरपर्यंत झुंजले तेव्हा मात्र बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. त्या दिवशी पिवळ्या जर्सीचं, म्हणजे एकूणात पुढे असलेल्याचं, काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. 27 जुलैला पॅरिसमध्ये पाऊस, माँमार्त्रच्या चढावर ओले दगड, आणि तिथे वाऊट व्हॅन आर्टनं पिवळ्या जर्सीतल्या पोगाचारला मागे टाकलं. पोगाचारची चौथी टूर तशीही पक्की होती, रस्ता निसरडा म्हणून एकूण वेळा आधीच नोंदवून झाल्या होत्या. तरी तो हातचं न राखता लढला. मला तो माणूस फार आवडतो अशातला भाग नाही (सगळंच त्यानं जिंकायचं म्हणजे आम्ही बघायचं काय), पण त्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या.

सिंहगडाबद्दल थोडक्यात. डोणज्याकडून चढताना श्वास आता शेवटच्या वळणांपर्यंत टिकतो, मधे थांबावं लागत नाही. मागचं कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्र्या, 34 दात्यांचं केलं, त्याचा हात यात माझ्या पायांपेक्षा मोठा आहे. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं की उतरताना जड वाटतं, म्हणून आता फक्त दही. स्कूटरवर ट्रिपल सीट जाणारी मुलं अजूनही "चला काकू, थोडंच राहिलं" असं ओरडतात. थोडं कधीच राहिलेलं नसतं.

आणि 2026च्या जानेवारीत शर्यत चक्क आपल्या दारात. पुणे ग्रँड टूर, 19 ते 23 जानेवारी, प्रोलॉग (सुरुवातीची छोटी, घड्याळाविरुद्धची फेरी) आणि चार टप्पे मिळून 437 किलोमीटर, यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या 2.2 वर्गातली. जिंकला न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे. बाबांना घेऊन दोन दिवस बघायला गेले. प्रोलॉग त्यांना पसंत पडला: एकेक जण सुटतो, प्रत्येक जण नीट दिसतो, मागे गाडी. नंतरच्या टप्प्याला आम्ही ऊन खात कठड्याशी उभे राहिलो. आधी पोलीस, मग मोटरसायकली, मग आणखी मोटरसायकली, मग सगळा घोळका एकदम, चेनचा आणि चाकांचा तो सर्रकन आवाज, आणि रस्ता रिकामा. बाबा रस्त्याकडे बघत राहिले. "झालं?" झालं, म्हटलं. "एवढ्यासाठी डबा आणला?" मग कठड्याला टेकून आम्ही डबा खाल्ला, आणि शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांना बाबांनी खडकीच्या गोष्टी सांगितल्या.

शर्यतीसाठी ज्या रस्त्यांवर नवं डांबर पडलं, ते अजून शाबूत आहे. मी रविवारी मुद्दाम तिकडे जाते. तिथे 32 मिमीचा टायर पाच पीएसआय जास्त हवेवर मस्त चालतो.

पुढची कामं: चेन गेजवर अर्ध्या टक्क्यापर्यंत ताणलेली दिसते आहे, म्हणजे कॅसेट खायला लागायच्या आत बदलायची. वॅक्स कोरड्या दिवसांत उत्तम, पावसात धुऊन जातं, त्यामुळे जूनपासून पुन्हा ओलं तेल. मागच्या मडगार्डचा स्टे (आधाराची दांडी) सेक्टर 1ला शरण गेला आहे, नुसता बोल्ट मिळत नाही, दुकानदार अख्खा सेट घ्या म्हणतात. कुणाकडे एम5चा, गोल डोक्याचा, 12 मिमी लांबीचा पडून असेल तर सांगा. एप्रिलमध्ये रूबेच्या रविवारी घरी या, बाबांना प्रेक्षक हवे आहेत.