एजवूडचे २६ डॉलर

टेक्सासमध्ये बारावीच्या मुलांना एक सेमिस्टर अमेरिकन गव्हर्नमेंट हा विषय घ्यावाच लागतो, त्याशिवाय ग्रॅज्युएशन नाही, आणि सॅन अँटोनियोच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये तो मी शिकवते. मी मूळची बार्शीची, बीएड पुण्याचं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि इथलं टीचिंग सर्टिफिकेशन नव्याने केलं. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून नाही, म्हणजे ज्यांना मी मतदान शिकवते ती पोरं मत देऊ शकतात आणि मी नाही. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि वर्गात निम्म्या मुलांच्या घरी कोणीतरी माझ्यासारखंच असतं.

सांगतेय तो दिवस मार्चमधला. टेक्सासात कायदाच आहे की हायस्कूलच्या प्रिन्सिपलने शाळेच्या वर्षात निदान दोनदा पात्र मुलांना मतदार नोंदणीचे फॉर्म द्यायचे. वय १७ वर्षं १० महिने झालं की फॉर्म भरता येतो, मत अर्थात १८ पूर्ण झाल्यावर. फॉर्म कागदावर भरायचा, सही करायची, निवडणुकीच्या ३० दिवस आधीपर्यंत पाठवायचा. आमच्याकडे स्कूल बोर्डाची, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या, लोकांनी निवडलेल्या समितीची निवडणूक मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते त्यामुळे मार्चच्या शेवटी घाई.

फॉर्मवर पहिलाच प्रश्न, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, हो की नाही. माझ्या वर्गात हा प्रश्न खूप जड आहे. कोणाकडे कागदपत्रं आहेत, कोणाकडे नाहीत, हे मी कधीच विचारत नाही, शाळाही विचारत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांना फुकट शाळा मिळते ती १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालामुळे, आणि तो खटलाही टेक्सासचाच. टायलर गावच्या शाळा अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर मागत होत्या, ते सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं बेकायदा ठरवलं. एका मताने. मी फॉर्म सगळ्यांना वाटते, बॅगेत टाका म्हणते, घरी जाऊन काय करायचं ते करा, आणि वर्गात फिरून कोण लिहितंय कोण नाही हे अजिबात बघत नाही.

तरी एक मुलगी समोरच्याच बाकावर बसून भरायला लागली. त्याच महिन्यात १८ ची झालेली. म्हणाली मिस, आमच्या घरात मत देणारी मी पहिली. (इथे सगळ्या बाईंना मिसच म्हणतात, लग्न झालेलं असो नसो.)

मग मी धडा सुरू केला. फळ्यावर दोन शाळा डिस्ट्रिक्ट लिहिले (डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, एका स्कूल बोर्डाखालचा शाळांचा भाग), नावं न देता, नुसते अ आणि ब, दोन्ही आमच्याच शहरातले, साल १९६७-६८. अ मध्ये एका मुलामागे वर्षाला खर्च ३५६ डॉलर, ब मध्ये ५९४. यातला राज्याचा वाटा जवळपास सारखाच, अ ला २२२, ब ला २२५. वॉशिंग्टनकडून, म्हणजे केंद्र सरकारकडून, अ ला १०८, ब ला ३६. खरा फरक लोकल प्रॉपर्टी टॅक्सचा, ब चे एका मुलामागे ३३३ डॉलर, आणि अ चे २६.

विचारलं, का असेल असं? उत्तरं लगेच आली. अ वाल्यांना टॅक्स भरायचा नसेल, अ वाल्यांना शिक्षणाची पर्वा नसेल. ही मुलं स्वतः अ सारख्या वस्तीतलीच आहेत आणि तरी हेच उत्तर देतात, दर वर्षी, आणि दर वर्षी मला त्याचा त्रास होतो. मग मी टॅक्सचे दर लिहिले. अ मध्ये घराच्या १०० डॉलर किमतीमागे १.०५, ब मध्ये ०.८५.

मागून एक मुलगा म्हणाला मिस, तुम्ही उलटं लिहिलंय.

उलटं नव्हतं. अ म्हणजे एजवूड, शहराच्या वेस्ट साइडचा, बहुतेक मेक्सिकन अमेरिकन कामगारांची वस्ती, आणि त्यांचा दर अख्ख्या शहरात सगळ्यात जास्त होता. ब म्हणजे अलामो हाइट्स. फरक एवढाच की एजवूडमध्ये एका मुलामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची आणि अलामो हाइट्समध्ये ४९,००० च्या वर. दर जास्त लावून, पोटाला चिमटा काढून टॅक्स भरला तरी हातात येणार २६ डॉलर. या देशात शाळेचा बराच पैसा असा आजूबाजूच्या घरांच्या किमतीतून येतो हे मुलांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सरकार देतं, वरून कुठूनतरी.

वर्ग गप्प झाला आणि तोच मागचा मुलगा म्हणाला, माझी आजी एजवूड हायस्कूलची, ती त्या वॉकआउटमध्ये होती. मला खरंच धक्का बसला. १६ मे १९६८ ला एजवूड हायस्कूलचे साधारण ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले होते, फुटक्या खिडक्या, घाणेरडे बाथरूम, पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक या तक्रारी घेऊन. मी हे पुस्तकात वाचलेलं आणि हा पोरगा सांगतोय की आजी अजून ते सांगताना चिडते, तिला कॉलेजचं गणित हवं होतं आणि शाळा टायपिंग शिकवत होती. सेमिस्टरभर हा मुलगा वर्गात फारसा बोललेला नव्हता. मी खडू, म्हणजे मार्कर, बाजूला ठेवला आणि म्हटलं तू सांग. तो दहाएक मिनिटं बोलला. अर्धं इंग्लिश अर्धं स्पॅनिश. कोणीही मध्ये बोललं नाही.

पुढचं मी सांगितलं. त्या वॉकआउटनंतर पालकांनी केस केली, पहिलं नाव डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांचं, केली एअर फोर्स बेसवर पत्र्याचं काम करणारे, माजी सैनिक. १९७१ मध्ये फेडरल कोर्टात जिंकले. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले, ५ विरुद्ध ४. निकाल लिहिला लुइस पॉवेल यांनी, जे स्वतः आधी व्हर्जिनियात रिचमंडच्या स्कूल बोर्डाचे चेअरमन होते. म्हणणं असं की शिक्षण फार महत्त्वाचं आहे पण अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेल्या हक्कांत ते येत नाही, आणि टॅक्सचं काय करायचं ते राज्यांनी ठरवावं. विरोधात लिहिणाऱ्यांत थरगुड मार्शल, ज्यांनी काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारी १९५४ ची ब्राउन केस वकील म्हणून लढवली होती. शिक्षण नीट मिळालं नाही तर बोलायचा हक्क आणि मतदानाचा हक्क वापरणार कसा, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. नऊ वर्षांनी प्लायलरमध्ये मात्र पॉवेल मुलांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्याच मताने ते पाच झाले असं म्हणता येईल. एक माणूस, दोन निकाल, आणि माझा अख्खा वर्ग त्या दोन निकालांच्या मध्ये बसलेला.

फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं, मिस, तुमच्या देशात आहे का शिक्षण घटनेत? म्हटलं आहे, २००२ च्या दुरुस्तीपासून, कलम २१ अ, सहा ते चौदा वयाच्या मुलांना. पण लिहिलं म्हणजे मिळालं असं नाही हेही सांगितलं. आणि महात्मा फुल्यांबद्दल सांगितलं, की १८८२ मध्ये त्यांनी इंग्रजांच्या हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळासुद्धा नाही. मागचा मुलगा म्हणाला, हे तर एजवूडच आहे. मी काही न सांगता त्याने ते जोडलं.

मग काय, हरलेच ना ते, असं दोघातिघांनी विचारलं. नाही, तिथे संपत नाही. टेक्सासच्या स्वतःच्या घटनेत, १८७६ ची, सातव्या आर्टिकलमध्ये लिहिलंय की लोकांचं स्वातंत्र्य आणि हक्क टिकायचे तर ज्ञान सगळीकडे पसरलं पाहिजे म्हणून फुकट सरकारी शाळांची व्यवस्था करणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे. ते वाक्य मी मुलांकडून मोठ्याने वाचून घेते. याच वाक्यावर एजवूडने पुन्हा केस केली आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ९ विरुद्ध ० असा निकाल त्यांच्या बाजूने दिला. शाळांचा पैसा वाटण्याचे विधिमंडळाचे पुढचे दोन प्लॅन कोर्टाने परत उडवले, शेवटी १९९३ चा कायदा टिकला, ज्याला इथे सगळे रॉबिन हूड म्हणतात, श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही पैसा राज्य गरीब डिस्ट्रिक्टसाठी काढून घेतं. त्यावरून भांडणं आजही आहेत. वॉकआउटपासून तिथपर्यंत २५ वर्षं, म्हणजे त्या वर्गातल्या मुलांची मुलं हायस्कूलला आली.

बेल वाजली, सगळे गेले, ती मुलगी थांबली. आमच्या शाळेची लायब्रेरियनची पोस्ट कमी करायची चर्चा चालू होती, मुलांची संख्या घटली की हजेरीवर मिळणारा राज्याचा पैसा घटतो म्हणून. ती म्हणाली मला बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायचंय, एक्स्ट्रा क्रेडिट, म्हणजे जादा मार्क, मिळतील का?

नाही देता येत. २०२१ पासून टेक्सासात कायदा आहे की विद्यार्थ्याने लोकप्रतिनिधींना काही करायला पटवण्याचा प्रयत्न केला तर त्याला मार्क द्यायचे नाहीत, आणि वादग्रस्त विषय वर्गात घेतला तर शिक्षकाने कुठलीही बाजू न घेता घ्यायचा. मी हा कायदा पाळते. कोणाला मत द्या, बोर्डात काय बोला, हे मी कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण शाळेचा पैसा कुठून येतो, तो कोण वाटतं, ते लोक कुठल्या दिवशी कुठल्या खोलीत बसतात, हे न सांगणं म्हणजे निष्पक्षपणा असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे. ही माहिती नसलेलं मूल आयुष्यभर वरून कुठूनतरी पैसा येतो असंच समजत राहणार.

तिला सांगितलं की मार्क नाहीत. ती म्हणाली मग मार्कांशिवाय बोलते. अजेंडा कुठे लागतो, नाव कसं नोंदवायचं, किती वेळ मिळतो हे दाखवलं, कारण २०१९ पासून इथे अजेंड्यावरच्या विषयावर नागरिकांना बोलू द्यावंच लागतं. नागरिकांना म्हणजे, आणि हा तिचाच पुढचा प्रश्न होता, माझी आई येऊ शकते का, ती सिटिझन नाही. येऊ शकते. मत देता येत नाही पण बोलता येतं. मलाही येतं.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. मी मागे बसले, बोलले नाही, ती संध्याकाळ त्यांची होती. आई स्पॅनिशमध्ये बोलली, मुलगी वाक्य वाक्य इंग्लिश करत गेली, आई एवढंच सांगत होती की माझ्याकडे घरी कॉम्प्युटर नाही, माझ्या दोन्ही मुली त्या लायब्ररीत अभ्यास करून इथपर्यंत आल्या. बोर्डाचे सात ट्रस्टी, म्हणजे सदस्य, बिनपगारी, दिवसभराच्या नोकरीनंतर आलेले, सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. आणि पोस्ट कमी करायचा ठराव ५ विरुद्ध २ पास केला.

पार्किंगमध्ये मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं त्या पाचांपैकी कोणाची टर्म मे मध्ये संपते. मी नावं सांगितली नाहीत, कुठे बघायचं ते सांगितलं. तिने फोनवर शोधलं, मागच्या वेळचा निकालही शोधला, आणि तिच्या भागातली सीट किती थोड्या मतांनी ठरली होती ते बघून आईला परत परत तो आकडा वाचून दाखवला. मग तिथेच उभं राहून चुलत मावस भावंडांपैकी कोण कोण १८ चं झालंय आणि कोणी अजून फॉर्म पाठवला नाही याची दोघींनी यादी करायला घेतली, मुदतीला अजून थोडे दिवस होते.