शकुनवाचक इंग्रजी शब्दांची वही: ‘ऑस्पिस’चे पान

‘ओमेन’ आणि ‘पोर्टेंट’ यांची टिपणे मागेच पुरी झाली होती, म्हणून या महिन्यात ‘ऑस्पिस’ हाती घेतला. या शब्दाइतका आनंद मला वहीतल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाने दिलेला नाही.

लॅटिनमध्ये ‘अविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे, यावरून पक्षी पाहून शकुन सांगणाऱ्याला ‘ऑस्पेक्स’ म्हणत, आणि त्याच्या या शकुन पाहण्यावरूनच ‘ऑस्पिस’ हा शब्द आला. येथे एक भेद काळजीपूर्वक लिहून ठेवावा असा आहे. रोमन लोक पक्ष्यांकडून पुढे काय घडेल हे विचारत नसत. हाती घेतलेल्या कामाला देवांची संमती आहे की नाही, एवढेच विचारत. म्हणजे हे भविष्य नव्हे, तो कौल होय. मोहिमेवर निघालेल्या सैन्याबरोबर पिंजऱ्यातून पवित्र कोंबड्या नेल्या जात आणि त्यांनी दाणे इतक्या अधाशीपणे टिपले की काही चोचीतून जमिनीवर सांडले, तर कौल अनुकूल मानला जाई. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईपूर्वी कोंबड्या दाणे खाईनात, तेव्हा ‘खात नाहीत तर पिऊ देत’ असे म्हणून रोमन सेनापती क्लॉडियस पल्चरने त्या समुद्रात फेकल्या आणि लढाई हरला, अशी कथा रोमन लेखकांनी सांगितली आहे.

कौल लावण्याचा अधिकार सरसेनापतीचा असल्यामुळे हाताखालच्या सरदाराने मिळवलेला विजयही त्याच्याच नावे जमा होई, आणि ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’ या प्रयोगातला आश्रयाचा, पाठबळाचा अर्थ त्यातूनच आला. इंदुरात व्याख्यानमालांच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘संयुक्त विद्यमाने’ छापलेले असते, तोच हा प्रयोग. मात्र ‘विद्यमान’ म्हणजे हजर असलेला. त्यात पक्षीही नाही आणि शकुनही नाही.

पक्षी आहे तो आपल्या ‘शकुन’ या शब्दातच. संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे आधी पक्षी, आणि शकुंत पक्ष्यांनी सांभाळली म्हणून शकुंतला. आपल्या शेजारच्या उज्जैनशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या वराहमिहिरांच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त शकुनांवर स्वतंत्र अध्याय आहेत. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, असे आपल्या घरांतून आजही म्हणतात, ते याच जुन्या अर्थाला धरून आहे.

वापराबद्दल थोडक्यात: ‘ओमेन’ चांगला किंवा वाईट, दोन्ही असू शकतो, परंतु ‘ऑमिनस’ नेहमी अशुभाकडेच झुकतो, उलट ‘ऑस्पिशस’ नेहमी शुभ असतो आणि तो मुख्यतः आरंभाला, वेळेला, प्रसंगाला लावतात. ‘ऑस्पिशस बिगिनिंग’ याचे भाषांतर ‘मंगल प्रारंभ’ असे केल्यास विधीचा वास येतो, म्हणून व्यवहारातल्या कामासाठी मला ‘आश्वासक सुरुवात’ अधिक योग्य वाटते. लग्नपत्रिकेत मात्र ‘शुभ’च हवे.

पुढचे पान ‘सिनिस्टर’चे आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘डावा’ असा असून रोमन कौलात डावी बाजू पुष्कळदा शुभ मानली जाई, तेव्हा तो अशुभाकडे कसा वळला ते तपासायला घेतले आहे.