बाकूची वही

रविवार, ९ मार्च २०२५

सप्टेंबरच्या तीस तारखेला हे रिटायर होणार. सगळी नोकरी कुर्ला कारशेडमध्ये गेली. आज जेवताना म्हणाले, "ऑक्टोबरात चार दिवस बाहेर जाऊ." बाहेर म्हणजे गाणगापूर, नाहीतर वन्संकडे नाशिकला, असं धरून मी ताक घुसळत राहिले. तर म्हणतात, "पासपोर्ट काढून सात वर्षं झाली, त्यावर एक शिक्का नाही."

दुबई आमच्या सोसायटीत सगळ्यांनी पाहिलीय, त्यांच्या फोटोंतून आम्हीही पाहिलीय. युरोप म्हटलं की आकडा ऐकूनच घशाला कोरड पडते. मग चिरंजीव मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "बाकू." मला आधी वाटलं, काहीतरी खायचं मागतोय.

त्याचं बाकू बुद्धिबळातलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये २३ तारखेला चांद्रयान उतरलं आणि दुसऱ्या दिवशी प्रज्ञानंद बाकूला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत टायब्रेकमध्ये कार्लसनशी हरला. आदल्या दिवशी पेढे आणि दुसऱ्या दिवशी हा पोरगा जेवलाच नाही. शिवाय कास्पारॉव्हचा जन्म तिथला, १९६३ चा. आई आर्मेनियन, म्हणून १९९० च्या जानेवारीत आर्मेनियन लोकांवर हल्ले झाले तेव्हा त्याला घरच्यांसकट शहर सोडावं लागलं. हे शेवटचं मी नंतर वाचलं. पोराला सांगितलं तर त्याला ते माहीत होतं.

नवी शंभर पानी वही काढली. पहिल्या पानावर बाकू, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र. समुद्र म्हणायचं, पण ते चारी बाजूंनी बंद पाणी आहे आणि शहर जगाच्या समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २८ मीटर खाली. जगातल्या कुठल्याही देशाची राजधानी इतकी खाली नाही. म्हणजे आमची नऊ मजल्यांची इमारत तिथे उभी केली तर गच्चीवर गेल्यावर कुठे समुद्रसपाटीला पोचू.

गुरुवार, १३ मार्च, होळी

खाली होळी पेटली. नारळ टाकून वर आले आणि वही उघडली. त्यांच्याकडे नवरोझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आधीचे चार मंगळवार पाळतात: एक पाण्याचा, एक अग्नीचा, एक वाऱ्याचा, एक मातीचा. अंगणात जाळ करून त्यावरून उड्या मारतात. आपण प्रदक्षिणा घालतो आणि बोंब मारतो, ते उडी मारतात. ताटलीत गहू रुजवतात ते थेट आपल्या घटासारखे.

आगीचं त्या लोकांना अप्रूप नसावं असं आधी वाटलं, कारण तिथे ती जमिनीतूनच येते. शहराच्या उत्तरेला यानार दाग नावाची टेकडी आहे. 'यानार' म्हणजे जळता आणि 'दाग' म्हणजे डोंगर. पायथ्याशी जमिनीतून नैसर्गिक वायू झिरपतो आणि तो जळत राहतो, पावसात, बर्फात, कशातही. सांगतात की १९५० च्या दशकात कुणा मेंढपाळाच्या हातून तो पेटला. तिथे अंधार पडल्यावर जायचं, असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

आज तारखा ठरल्या. म्हणजे ठरवताना पुरणपोळीचं पुरण खाली लागलं, पण ठरल्या.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले बरे दिवस. सप्टेंबरात १९ ते २१ मोटारींची शर्यत आहे, तीही भर शहरातल्या रस्त्यांवरून. जुन्या कोटाला लागून एका जागी रस्ता जेमतेम साडेसात मीटर रुंद आणि त्यातून त्या गाड्या जातात. म्हणजे रस्ते बंद, हॉटेलं महाग. आणि त्याच सुमाराला पितृपक्ष, हे वन्संनी फोनवर सुनावलं. "वहिनी, त्या पंधरवड्यात आपण साधा पडदा नवा लावत नाही, तुम्ही विमानात काय बसता!" यांची नोकरीही तीसपर्यंत. दसरा २ ऑक्टोबरला. मग ४ ऑक्टोबर, शनिवार, जायचं आणि ८ ला परत. दिवाळीचा फराळ करायला बारा दिवस उरतात. मी हिशेब केलाय.

छत्री न्यायची नाही. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास, तेवढा आमच्याकडे जुलैत एका दिवसातही पडतो. त्याऐवजी कान झाकणारी टोपी. उत्तरेकडून येणारा थंड वारा म्हणजे खझरी आणि दक्षिणेचा उबदार तो गिलावार. वाऱ्यांना नावं ठेवणारं गाव. (नावं ठेवणं आपल्या अर्थाने नव्हे.)

रविवार, ६ एप्रिल

शब्दांचं पान करायला घेतलं आणि दोन तास गेले. तिथली भाषा तुर्की कुळातली, मला एक वाक्य कळणार नाही. पण फारसी-अरबी आपल्या आणि त्यांच्या, दोघांच्याही घरात राहून गेलेली. बाजार, दुनिया, हवा, रंग, बाग, कागद, दोस्त, दुश्मन, सगळं थोड्याफार फरकाने तेच. शहराला शेहेर. जुन्या कोटाच्या आतल्या भागाचं नाव इचेरी शेहेर, म्हणजे आतलं शहर. आणि हॉटेलात बिल मागायचं तर म्हणायचं 'हेसाब'. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला आणखी काय हवं.

व्हिसाच्या सरकारी सेवेचं नावसुद्धा 'आसान'.

लिपीची मात्र कमाल. अरबी लिपीत लिहीत होते, १९२९ मध्ये रोमन आली, १९३९ पासून रशियन, आणि स्वतंत्र झाल्यावर १९९१ ला पुन्हा रोमन. पणजोबांची पत्रं आजोबांना वाचता येत नाहीत आणि आजोबांची नातवाला. आपल्याकडे मोडीचं एवढंच झालं, तर आजही त्या दप्तरांपुढे आपण हात टेकतो.

खाण्याचं पान यांच्यासाठी. दोवगा म्हणजे दही, तांदूळ आणि भरपूर पालेभाजी-कोथिंबीर घालून ढवळत शिजवलेलं सार. मी कढीच म्हणणार. गुताब म्हणजे पातळ पोळी, आत पालेभाजी भरून तव्यावर भाजलेली. शाकाहाराच्या दिवशी भागलं. चहा बिनदुधाचा, कमरेत बारीक असलेल्या आर्मुदू नावाच्या काचेच्या पेल्यात, सोबत मुरांबा. यांनी विचारलं, "दूध मागितलं तर देतील?"

रविवार, १३ एप्रिल

आज जे वाचलं त्यानंतर बाकीचं सगळं त्याच्याभोवती लावायचं ठरवलं.

शहराच्या कडेला सुराखानी नावाचं तेलाचं गाव आहे. तिथे आतेशगाह म्हणून जुनं अग्निमंदिर. पंचकोनी वाडा, भोवती भिंतीला लागून साधूंच्या खोल्या, मधे चार खांबांवर घुमटी आणि तिच्याखाली ज्वाला. सतराव्या-अठराव्या शतकात हिंदुस्थानातून व्यापाराला गेलेल्या लोकांनी बांधलेलं. मुलतानचे व्यापारी तर इतके की इचेरी शेहेरमध्ये त्यांच्या नावाची सराई आजही आहे.

आणि दारांवर शिलालेख. बरेचसे देवनागरीत, काही गुरुमुखीत, एक फारसीत. एकाचा फोटो मोठा करून पाहिला. मला वाचता आला! सुरुवात 'श्री गणेसाय नमः'. श नाही, स. पुढे ज्वालाजींसाठी 'दरवाजा बणाया', एका संन्याशाने, कोटेश्वर महादेवाच्या. खाली आसोज वदि ८, संवत १८६६. म्हणजे इसवी सन १८०९. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता.

मग पंचांग काढलं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा आसोज वदि म्हणजे आपला भाद्रपद वद्य. अष्टमी. ऐन पितृपक्षात त्या बाबाने दरवाजा बसवला. वन्संना लगेच फोन केला. दोन क्षण काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "संन्याशाला कसले आलेत पितर?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

हे देऊळ पारशांचं, असंही पुष्कळ जण लिहितात. त्याचा निवाडा करायला मुंबईचाच माणूस गेला होता: जीवनजी जमशेदजी मोदी, पारशी धर्माचे मोठे अभ्यासक, १९२५ साली, सत्तरी उलटलेली. त्यांनी सगळं हिंडून पाहिलं आणि सरळ सांगितलं की हे आमचं आतशकदे, म्हणजे अग्निगृह, नाही, हे हिंदूंचं देऊळ आहे. इतक्या लांब, त्या वयात, आणि आपलं नाही हे सांगायला. मला ते फार आवडलं.

आतली मूळ ज्वाला मात्र १९६९ मध्ये विझली. आजूबाजूचा वायू उपसून संपवला होता. आता नळाचा गॅस जळतो, आमच्या शेगडीसारखाच.

शनिवार, १९ एप्रिल

सुराखानीला टॅक्सीने जायचं की कसं, यावर चर्चा चालली होती आणि हे एकदम उठून बसले. यांना सापडलं की बाकूहून साबुंची-सुराखानीला विजेची लोकल १९२६ मध्येच सुरू झाली, तेलाच्या विहिरींवरच्या कामगारांसाठी. सोव्हिएत संघातली पहिली. "आणि आपली व्हीटी-कुर्ला ३ फेब्रुवारी १९२५!" गेल्या फेब्रुवारीत त्या शंभरीचे कार्यक्रम झाले, तेव्हा हा माणूस घरी येऊन फक्त "पाय दुखताहेत" म्हणाला होता. आज तासभर बोलला. सध्या तिकडे गाडी कशी आहे, कुठून सुटते, ते तेच बघताहेत. आतेशगाह माझं, सुराखानी स्टेशन यांचं.

बाकी दिवस पटापट बसले. पहिला इचेरी शेहेर, गीझ गालासी हा साडेएकोणतीस मीटरचा बुटका भक्कम बुरूज आणि शिर्वानशाहांचा राजवाडा. तिथल्या गल्लीतच चिमुकल्या पुस्तकांचं एक संग्रहालय आहे, तेवढं बघूनही मी परत यायला तयार आहे. एक दिवस गोबुस्तान: सहा हजारांहून जास्त कातळचित्रं, त्यातच कुणा रोमन फौजेच्या अधिकाऱ्याने कोरलेल्या ओळी, आणि वाटेत चिखलाचे ज्वालामुखी, जे गार असतात आणि बुडबुडे काढत बसतात. जगातल्या असल्या ज्वालामुखींपैकी जवळजवळ निम्मे या एका देशात. झाहा हदीद या वास्तुरचनाकार बाईंचं ते पांढरं लाटेसारखं सभागृह बाहेरून बघू. तीन ज्वालांसारखे उंच मनोरे कुठूनही दिसतातच, त्यासाठी वेगळं जायला नको. संध्याकाळी बुलवारवर, समुद्राकाठी, बाकड्यावर.

पैसे सोपे: तिथलं चलन 'मनात', डॉलरला १.७०, २०१७ पासून तोच भाव. रुपये काढायला आपण पन्नासने गुणायचं.

व्हिसाच्या अर्जात माझं नाव अडलं. पासपोर्टात मधलं नाव यांचं, पॅनवर ते आद्याक्षरात, आणि एका प्रवास कंपनीच्या मुलीने भरून पाठवलेल्या नमुन्यात मी माझ्या नवऱ्याच्या नावाने पुरुष झालेय. शेवटी स्वतःच भरायला घेतला. अर्धा झालाय.

बुधवार, २३ एप्रिल

पहलगाम. आमच्या डोंबिवलीतले तिघे. संध्याकाळी भागशाळा मैदानावर आणलं. हे जाऊन आले, कपडेही न बदलता बसून राहिले. फिरायलाच गेले होते ते लोक.

वही उघडली नाही.

शुक्रवार, १६ मे

आज तीन आठवड्यांनी लिहितेय. पाकिस्तानने २४ एप्रिललाच आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, म्हणजे तिकडे जायचं तर लांबचा वळसा. त्याचं काही नव्हतं. पण अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून या आठवड्यात सगळीकडे बुकिंगं रद्द होताहेत, प्रवास कंपन्या स्वतःहून थांबवताहेत. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी फळांच्या यादीसारखी, बहिष्कार टाकायच्या देशांची यादी टाकलीय. त्याखाली वन्संनी काही लिहिलं नाही, मला फोन केला. "वहिनी, तिकिटं नाही ना काढलीत?"

"नाही."

"बरं झालं."

चिरंजीव चिडलाय. त्याचं म्हणणं, सरकारं भांडतात, गुताब विकणाऱ्या बाईचा काय संबंध. यांचं म्हणणं, संबंध असो नसो, आत्ता या गावात "आम्ही बाकूला निघालो" असं मला कुणाला सांगवणार नाही. मला दोघांचं पटतं आणि त्याने काहीच ठरत नाही.

रविवार, १८ मे

दुपारी सगळे झोपल्यावर तो फोटो पुन्हा काढला. श्री गणेसाय नमः, सलग नसलेली, जरा वाकडी अक्षरं. ही अक्षरं जिथून तिथवर गेली त्यातलं मुलतान आता नकाशात कुठे आहे ते मला माहीतच होतं, तरी बोट ठेवून बघितलं. मुलतानहून बाकूपर्यंत नकाशावर बोट नेताना चार देश लागले. ते व्यापारी निघाले तेव्हा यातली एकही रेघ आजच्यासारखी नव्हती. फोटो वन्संना पाठवला, काही न लिहिता. त्यांचं उत्तर आलं, "श चुकलाय."

व्हिसाचा अर्ज अर्धाच आहे. रजा मात्र मंजूर झालीय, ४ ते ८, आणि ती मी परत करणार नाही. यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर ५ ऑगस्टला गोल केलाय, साठ दिवस आधी रेल्वेचं रिझर्वेशन उघडतं म्हणून. कुठलं तिकीट, ते अजून ठरलेलं नाही.