ऊन पाठीमागे होतं

रविवार, रात्र

पेपर उशीखाली ठेवला होता. आई झोपल्यावर पुन्हा काढला. पान पाच, खाली डाव्या कोपऱ्यात. पणजीच्या पाटो पुलावरून म्हादई नदीसाठीचा मोर्चा शहरात उतरतोय आणि पहिल्या रांगेत आम्ही सात जणी. सहा जणींचे चेहरे स्वच्छ ओळखू येतात. सातवीच्या जागी एक पाटी आहे, आणि पाटीखाली माझा निळा कुडता.

काल काकी पेपर घेऊन आल्या तेव्हा आईनं बराच वेळ फोटो न्याहाळला. मग म्हणाली, "बरें जालें, तुजें तोंड दिसना." तिला मनापासून बरं वाटलं होतं. खांद्यावरचं ओझं उतरावं तशी ती लगेच चुलीकडे वळली. मला मात्र तेव्हापासून जेवण जात नाही.

दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पाटी वर धरली. आज फोटो दिव्याखाली धरून बघितला. सगळ्यांच्या सावल्या पुढे पडल्या आहेत, कॅमेऱ्याच्या बाजूला. सकाळचे दहा वाजले होते, आझाद मैदानाकडे जाताना आम्ही पश्चिमेला तोंड करून चाललो होतो. ऊन पाठीमागे होतं.

म्हणजे तो फोटोवाला उलट पावलांनी चालत आमच्यासमोर आला, त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि माझे हात वर गेले. एवढंच झालं. मी आयुष्यातल्या पहिल्या मोर्चात होते, रात्री दोनपर्यंत जागून पाटी रंगवली होती, आणि कुणीतरी बघतंय म्हटल्यावर तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

बाबांसाठी केलं, असं म्हणता येईल. त्यांच्या नोकरीची नवी ऑर्डर मार्चमध्ये निघायची आहे. मागच्या मार्चमध्ये काय झालं ते घरात कुणी काढत नाही, मीही काढणार नाही. पण खरं लिहायचं तर बाबा नंतर आठवले. आधी हात वर गेले.

वाईट वाटतं ते वेगळंच. बाकीच्या सहा जणींना असा विचारसुद्धा करावा लागला नसेल. कुणाचे वडील बँकेत, कुणाचं स्वतःचं दुकान. त्यांचा फोटो आला तर घरी कात्रण काढून ठेवतील. आमच्या घरी कात्रण लपवायचं. नदी आमच्या दारावरून जाते आणि तिच्यासाठी उघड्या तोंडानं ओरडायची मोकळीक मात्र आम्हालाच नाही. हे लिहिताना रडू आलं, मग थोडा वेळ वही बंद केली.

मैदानावर बसलो तेव्हा माझ्या शेजारी आमच्या सत्तरी तालुक्यातलीच एक म्हातारी होती. आमच्याच बसनं आली असावी. बांगड्यांच्या वर हाताला चिकाचे काळे डाग, ते धुऊन जात नाहीत. तिला वाचता येत नव्हतं. पाटीवर बोट ठेवून तिनं विचारलं, हे आकडे कसले. मी लिहिलं होतं, '३.९ टीएमसी कुणाच्या घोटातले?' तिला सांगितलं की २०१८ साली पाणीवाटपाच्या लवादानं कर्नाटकाला म्हादईचं १३.४२ टीएमसी पाणी दिलं. त्यातलं ३.९ त्यांच्या मलप्रभा नदीकडे वळवायचं, कळसा नाल्याचं १.७२ आणि भांडुरा नाल्याचं २.१८. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, म्हणजे आमच्या कोंडीतलं किती?

मला उत्तर देता आलं नाही. आकडे पाठ होते, कोंड, म्हणजे नदीतला आमचा डोह, माहीत होती, पण दोन्ही कधी एकत्र मोजलेच नव्हते. मार्च-एप्रिलात आमच्या वाड्याखाली नदीची सगळी उन्हाळी जान त्या कोंडीतच असते. गुरं तिथे, कपडे तिथे. पोहायला मी तिथेच शिकले. खालच्या अंगाला गांजे गावाकडे गेलं की भरतीचं खारं पाणी भेटतं. वरून गोडं कमी आलं तर ते खारं आणखी आत चढेल. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, ते ठाऊक आहे. तिला ते वाचावं लागलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "तूं कोणाली गो?"

मी गावाचं नाव सांगितलं. बाबांचं सांगितलं नाही. ती दोन क्षण थांबली, आपल्याकडे पुढचं नाव येईपर्यंत माणसं थांबतात तशी. मी पाण्याची बाटली काढली आणि प्यायले.

फोटोपेक्षा हेच जास्त लागलं असावं. तिथे तर कुठला कॅमेराही नव्हता.

परतताना बसस्टँडवर मोर्चातलेच एक पांढऱ्या केसांचे सर भेटले. मी कंडक्टरला दाखवायला पास काढून हातात धरला होता, तो बघून त्यांनी विचारलं, हा कुठून आला माहीत आहे का? १९७८-७९ मध्ये ते कॉलेजला होते. अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थ्यांनी बस अडवल्या, मार खाल्ला, आणि पन्नास टक्के सवलत मिळवली. गोव्याचं कदंब बस महामंडळ त्यानंतरचं, १९८० चं. मी तीन वर्षं वाळपई-पणजी करते आहे, पास रोज हातात घेते, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. की मीच विचारलं नव्हतं. मला त्यांना विचारायचं होतं, तुमच्या घरी तेव्हा काय म्हणाले होते? तेवढ्यात डिचोलीची गाडी लागली आणि ते गेले.

त्यांच्यातही कुणी रुमाल बांधला असेलच. कुणी मागच्या रांगेत राहिलं असेल. तेही मोजले गेले असतील ना? माझी पाटी त्या फोटोत आहे, आकडा अगदी स्पष्ट वाचता येतो. ती मी उचलून धरली म्हणूनच वाचता येतो. रात्री उशिरा हा विचार आला आणि पहिल्यांदा छातीतलं थोडं सैल झालं. त्या दिवशी माझ्यात जेवढी हिंमत होती तेवढी मी घेऊन गेले होते. पुढच्या वेळी किती असेल ते आता सांगता येत नाही.

एक लिहायचं राहिलं. आज संध्याकाळी पाटी पडवीत भिंतीला टेकवून ठेवली होती, नीट लपवायची राहून गेली. बाबा अंगणातून आले, थांबले. आकडा वाचला. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी पाटी उचलून उलटसुलट केली, मागची बाजू बघितली, आणि म्हणाले, "हाका दांडो ना?"

नाही म्हटलं. हातांनीच धरायची.

मग हात भरून येतात आणि ती तोंडासमोर येते, असं म्हणाले. माळ्यावर पोफळीच्या रिपा आहेत, त्यातली बारीक बघून घे, हलकी असते. मग पाय धुवायला विहिरीकडे गेले.

त्यांनी पेपर बघितला आहे की नाही, मला कळलेलं नाही. आईनं दाखवला नसणार.

शुक्रवारी पुन्हा जायचं आहे. रीप काढून ठेवली आहे, साधारण माझ्या खांद्याएवढी. घरातले खिळे मोठे आहेत, त्यांनी पुठ्ठा फाटेल. उद्या वाळपईहून बारीक चुका आणायला हव्यात.