तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो रंगीत ठेवायचा की ब्लॅक अँड व्हाइट?

पोर्ट्रेट काढून घ्यायला येणारी माणसं असोत की नवा कॅमेरा घेतलेली पोरं, मला हटकून एकच गोष्ट विचारतात: "फोटो रंगीत ठेवू की ब्लॅक अँड व्हाइट करू?" गडबडीत मी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहते. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी माझी चूक. सोलापूरच्या पूर्व भागात एका मावशींचा फोटो काढला होता. विड्या वळायचं काम. उंबऱ्यापाशी बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बोटांना इतकी सवय की नजर माझ्याकडे आणि विडी आपोआप वळली जातेय. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारातून आलेला सकाळचा उजेड एका गालावर. घरी आल्यावर वाटलं, हा चेहरा ब्लॅक अँड व्हाइटमध्येच शोभणार. केला. चेहरा जरा काळवंडलेला वाटला म्हणून फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधले लाल आणि नारिंगीचे स्लायडर वर सरकवले. त्वचा उजळली, सुरकुत्या मऊ झाल्या, मी खूश. मोठा प्रिंट काढून घेऊन गेलो.

लेकीनं प्रिंट हातात घेतला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "दादा, आईच्या कपाळाला कुंकू नाही की ओ."

खरंच नव्हतं. मावशींचे यजमान आत खाटेवर बसलेले होते आणि मी त्यांच्या बायकोचं कपाळ मोकळं करून आणलं होतं. प्रिंट गुंडाळून परत आणला, रंगीत काढून दुसऱ्या दिवशी दिला. ती लाज अजून आठवते.

झालं ते असं. रंग काढून टाकला की उरतो फक्त उजेडाचा कमीजास्तपणा. कुठला रंग किती उजळ धरायचा, हे त्या स्लायडरवर आपण ठरवतो. आपली त्वचा कितीही सावळी असली तरी मुळात लाल-नारिंगीकडे झुकलेली असते. कुंकूही लालच. लाल वर ढकलला की दोन्ही एकाच करड्यात मिसळून जातात. उलट लाल खाली ओढला तर कुंकू काळंभोर होतं, पण चेहऱ्यावरचा एकेक डागही उठून दिसतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल रंग दिसायचाच नाही. त्यामुळे त्या फिल्मवर काढलेल्या फोटोंत कुंकू आणि ओठ इतके गडद येत.

तेव्हापासून मी आधी एवढंच बघतो, की या माणसाबद्दल रंग काही सांगतोय का. कुंकू, नव्या नवरीचा हिरवा चुडा, बाळंतिणीच्या अंगावरची हळद. सांगत असेल तर त्याला हात लावत नाही. आणि "जरा गोरं करा" म्हणून कुणी मागे लागलं, तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते करणं फार सोपं असतं, म्हणूनच मी करत नाही.

आणखी एक खटकतं ते बोलून टाकतो. कष्टकरी माणूस दिसला की लगेच रंग काढायचा, ही सवय वाईट. त्या मावशींच्या अंगावर गर्द जांभळी साडी होती, दाराला पोपटी रंग होता, दोन्ही त्यांनी हौसेनं निवडलेले. ते पुसून मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या मनातलं दुःख चिकटवलं होतं. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी सगळी कारकीर्द रंगात काम करून रस्त्यावरचा भारत टिपला. नवीन पोरांनी त्यांचे फोटो जरूर बघावेत.

मग ब्लॅक अँड व्हाइट कधी? टॉवेलच्या कारखान्यात एकदा मागावर उभ्या असलेल्या कामगाराचा फोटो काढला. एका गालावर खिडकीचा निळसर उजेड, दुसऱ्यावर ट्यूबलाइटची हिरवट झाक. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून साधायचा रंगांचा तोल, एका बाजूला जमवला की दुसरी बाजू बिघडते. रंग काढला आणि जे बघायचं ते समोर आलं: भुवयांवर, मिशीवर, कानाच्या केसांवर बसलेली सुताची बारीक तूस. रंगीत फोटोत त्या हिरवट झाकेपायी तिकडे लक्षच जात नव्हतं. पण उजेडच सपाट असेल, तर रंग काढून काही साधत नाही. सपाट फोटो करडा होतो, इतकंच.

दुसरा प्रसंग सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतला. नंदीध्वजाच्या मिरवणुकीतले एक आजोबा, पांढरी बाराबंदी, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, कपाळावर विभूती, रापलेला चेहरा. माणूस आधीच काळ्या-पांढऱ्यात उभा होता. मागे मात्र भडक प्लास्टिकच्या खेळण्यांचे स्टॉल, सगळी नजर तिकडे पळत होती. ऊन कडक होतं, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, जरा कमी ठेवलं, नाहीतर बाराबंदीच्या चुण्या जळून नुसता पांढरा पट्टा उरला असता. इथे रंग काढायला मला जराही विचार करावा लागला नाही.

आजोबांना मात्र लागला. "काळा-पांढरा कशाला? तसले फोटो हार घालायला असतात," म्हणाले. आपल्या घरांत भिंतीवरचे काळे-पांढरे फोटो बहुतेक गेलेल्या माणसांचेच असतात, ते त्यांच्या जागी बरोबरच होते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलेला होता, त्यामुळे फाइलमध्ये रंग शाबूत होता. कॅमेरा मोनोक्रोमवर, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवून नुसता जेपेग काढला असता तर तो कायमचा गेला असता. मी दोन्ही प्रिंट घेऊन गेलो. आजोबांनी दोन्ही मांडीवर ठेवले, चष्मा पुसला, परत बघितले आणि रंगीत उचलून सुनेकडे दिला. दुसरा तसाच मांडीवर राहिला. निघताना मी तो मागितला, तर म्हणाले, "असू दे. पुढं लागंल."