माळेगावच्या यात्रेतला पोरगा

चुलतभाऊ संजूनं आज डीपी बदलला. आबांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, गुडघ्याला टेकून उभा असलेला पोरगा, मागं पडद्यावर रंगवलेला राजवाडा. खाली लिहिलंय, 'मी आणि आबा'.

मी आणि आबा! पेटी मी उघडली, कडुलिंबाचा वाळका पाला मी झटकला, कसरीनं कुरतडलेल्या कडा मी सांभाळल्या, एकेक फोटो स्कॅन करून ग्रुपवर मी टाकला, आणि फोटोत हा. दुपारपासून फोन हातात घेतोय आणि परत ठेवतोय. बायकोनं विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. खरंच काही नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असल्या गोष्टीवरून भाकर अर्धी सोडावी, हे सांगणार तरी कुणाला? म्हणून इथं लिहितोय.

तो पोरगा मी आहे. निदान परवापर्यंत तरी होतो.

हे सगळं स्कॅनरमुळं. लेकीनं दिवाळीला पाठवला, कंपासपेटीपेक्षा थोडा लांब. एका बाजूनं फोटो लावायचा, आतला रोलर तो हळूच ओढून घेतो, दुसऱ्या बाजूनं सोडतो. चित्र मेमरी कार्डावर. सेलवर चालतो, त्यामुळं लाईट गेली तरी आपलं काम सुरू. सुरुवातीला मजा वाटली. मग एका बैठकीत सगळ्यांच्या तोंडावरून एकच पांढरी रेघ जाऊ लागली. आजी, आत्या, गावचे पाटील, कुणाला सोडलं नाही. फोटोच खराब झाले म्हणून मी हळहळलो, पण तसं नव्हतं. आत सेन्सरची पट्टी जागच्या जागी असते आणि फोटो तिच्यावरून सरकतो. काचेवर धुळीचा एक कण बसला की त्याचा ठिपका उमटत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघच ओढली जाते. चष्म्याच्या फडक्यानं काच पुसली, रेघ गेली.

वळलेले फोटो हा दुसरा ताप. जुना काळापांढरा कागद सुरळीसारखा वळतो, आणि काचेपासून जरा वर राहिलेला भाग धूसर येतो. ते जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचे, मग प्लास्टिकच्या पाकिटात घालून सरकवायचे. चिकट पानांच्या अल्बममधले तर सुटायलाच तयार नाहीत. त्यांच्याखालून आईनं शिवणाचा दोरा करवतीगत ओढून एकेक सोडवला, एकही फाटला नाही. ताईच्या लग्नातले, १९८४ चे रंगीत फोटो झाडून सगळे तांबडे झालेत. त्या काळच्या रंगीत कागदातली निळी छटा आधी उडून जाते, मागं लालपिवळं उरतं. आबांचे निजामाच्या राजवटीतले फोटो मात्र अजून ठणठणीत आहेत, कारण त्यांत रंग नाही, चांदी आहे. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, माझ्या लग्नात चांदी घातलीच कुणी होती? तिचं वेगळंच चालू असतं.

तर, मी प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर केला. दादाचा भरला. १९६८ साली अण्णांनी त्याला हैदराबादला नेऊन स्टुडिओत बसवलं होतं, गालावर तीट, हातात रबरी चेंडू. ताईचा भरला. धाकट्याचा तर ओसंडून वाहतोय. तोवर मामांकडं कॅमेरा आला होता. माझ्या फोल्डरमध्ये पहिला फोटो १९८८ चा, दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला. अंगात कोटसुद्धा माझा नाही, स्टुडिओत खिळ्याला टांगलेला, येईल त्याला चढवायचा तो.

दादाला फोनवर म्हटलं, माझा लहानपणीचा एकही कसा नाही रे. तो हसला. "तू दुष्काळातला. तुझा फोटो कुठला आणतोस?"

तसं चूक नाही त्याचं. बहात्तर साली आमच्याकडं फोटोची कुणाला पडली होती. मी पोटात असताना आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, आणि घरात होती ती वाटपातली सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकर. हे ऐकतच मोठा झालोय. पण हसला, ते लागलं. कुणाचं बारसं हुकतं, कुणाचा वाढदिवस हुकतो, माझं थेट पंधरावं-सोळावं वर्ष उजाडलं. आणि याचं दुःख करायचं म्हटलं तर दुष्काळ मध्ये येतो. त्याच्यापुढं आपलं दुःख काढायचीही लाज वाटते.

म्हणून तो यात्रेतला फोटो सापडला तेव्हा मी उडालोच. लोह्याजवळचं माळेगाव, मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला, तळहातापेक्षा लहान. आबा खुर्चीवर, अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, हात गुडघ्यांवर. पोरगा पाच वर्षांचा असेल. चौकटीचा शर्ट, वरचं बटण खालच्या काजात, पायात काही नाही, मुठीत पिपाणी. कान बाहेर आलेले. मी लगेच नाव दिलं, 'मी आणि आबा, १९७७', आणि ग्रुपवर सोडून दिला.

संजूचं उत्तर आलं, "अरे हा मी आहे!"

झालं.

आता गोष्ट अशी की शर्ट दोघांनाही होता. आमच्याकडं एका ताग्यातून सगळ्या पोरांचे शर्ट शिवले जायचे, उरल्यासुरल्यात उशीचा अभ्रा. कान दोघांचे तसलेच. आबांचेही तसलेच, फोटोत बघा. संजू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी धाकटा. अंगानं आम्ही इतके सारखे होतो की मास्तर छडी मारताना पण चुकायचे, आणि ती बहुतेक मलाच बसायची.

माझ्याकडं एक पुरावा होता. डाव्या भुवईत माझी खूण आहे, आडाच्या पायरीवर पडलो होतो त्याची. फोटो आधी ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपक्यांवर, घेतला होता, आता १२०० ला घेतला. मोठा करत नेला. भुवई आली, आणि भुवईत पांढरी चीर! काच पुसून परत घेतला. चीर आहेच. माझ्या हाताला घाम फुटला. मग फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला तर उजेडात दिसलं: कागदावरचा थरच तिथं खरवडला गेलाय, कुणाचं तरी नख लागलेलं. आणखी मोठा करून बघितलं तर भुवई नाही, डोळा नाही, नुसती करडी रवाळ माती. डीपीआय वाढवून फाईल फुगते, चेहरा वाढत नाही. छापणाऱ्यानं कागदावर जेवढं उतरवलं तेवढंच. दोन-अडीच इंचाच्या फोटोत भुवई ती केवढी असणार!

मागच्या बाजूला आबांच्या हातची एक ओळ आहे, उर्दूत. आबा निजामाच्या शाळेत शिकलेले. १९४८ ला संस्थान गेलं, आबांची उर्दू गेली नाही. शेताचा हिशेब, उसनवारी, सगळं त्याच लिपीत. घरात आता कुणाला ते वाचता येत नाही. चौकातल्या निवृत्त उर्दू सरांकडं फोटो घेऊन गेलो. नांदेडात हे एक बरं आहे, हाकेच्या अंतरावर वाचणारं कुणीतरी सापडतं. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. माझा जीव वर. म्हणाले, "नातवासोबत, माळेगाव." पुढं? पुढं काही नाही. अक्षर फार सुरेख आहे म्हणाले, आणि चहा पाजला.

नातवासोबत. आबा, अहो नाव लिहायला शाई का लागली असती हो जास्तीची!

मग आई. आईला पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तूच हाईस की त्यो." संजूनं व्हिडिओ कॉल केला तर त्याला म्हणाली, "तूच हाईस बाबा." मी फोनमध्ये मान घालून म्हटलं, आई, एक काहीतरी सांग. तर म्हणाली, "कामून सारखं तेच तेच उकरायलास?" आणि उठता उठता, पदर सावरत, "तुला त्या वर्षी गोवर आल्ता. तू कुठं गेलतास यात्रेला."

ते मी पुढं विचारलं नाही. मला ती यात्रा आठवते. उंट आठवतात, गाढवांचा बाजार, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगितल्यावर आठवत असेल असं... जाऊ दे.

रात्री पडल्या पडल्या मनात हेच की फोटोवाल्याला पैसे एकाच फोटोचे दिले होते. आबांनी कुणाला तरी एकाला गुडघ्यापाशी घेतलं. आम्ही दोघंही गेलो असू तर दुसरा त्या वेळी तंबूबाहेर उभा होता. तो दुसरा कोण, एवढंच मला कळायला पाहिजे. आणि ते कळून मी काय करणार आहे, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे.

काका गेल्यावर आबा संजूला जवळच ठेवायचे, ते खरं. झोपायलासुद्धा. अख्ख्या पेटीत काकांचा एकही फोटो निघाला नाही. संजूनं ते मला ग्रुपवर विचारलं नव्हतं, वेगळा मेसेज केला होता, डीपी बदलायच्या आधी. मी 'बघतो' म्हटलं होतं. बघून झालं होतं तेव्हा.

असो.

आज फाईलींच्या तारखा नीट करायला बसलो. स्कॅनरमधले सेल मध्येच संपले की त्याचं घड्याळ मूळपदावर येतं, त्यामुळं कार्डावरच्या बऱ्याच फोटोंवर १ जानेवारी ही एकच तारीख. आजीचं तेरावं, ताईचं लग्न, दादाचं जावळ, सगळं एकाच दिवशी उरकलेलं. बघून मला जरा बरं वाटलं. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून टाकली, संजूचीही १ जून, वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून. गुरुजींना तरी कुठं माहीत होतं कोण कधीचा. निम्मा वर्ग एकाच दिवशी निवृत्त होत जाणार. तेव्हा नाही वाद घातला मी, आता एका पिपाणीवरून घालतोय.

फाईलचं नाव बदललं. 'आबा आणि नातू, माळेगाव'. आबांनी जेवढं लिहिलं तेवढंच. उगाच त्यांच्यापेक्षा जास्त माहिती असल्याचा आव कशाला?

आणि मग मी पण तोच डीपी ठेवला.

संजूचा पहिल्यांदा नुसता प्रश्नचिन्ह आला. मग लिहिलं, "उतरव." मी लिहिलं, "तू उतरव." दादानं मध्ये पडून दोन पैलवान भिडलेलं चिन्ह टाकलं, जसं काय कुस्तीच लागलीय. धाकट्यानं तोच फोटो रंगीत करून पाठवला, फोनमध्ये सोय असते तसली. शर्ट हिरवा केलाय. शर्ट हिरवा नव्हता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, आणि गंमत म्हणजे संजूनंही खाली तेच लिहिलं: तांबडा होता.

कुणीच उतरवलेला नाही.

थोडं पुढचं, आत्ताच घडलेलं. आत्याला वाचता येत नाही, ती फोनमधली माणसं फोटोवरून ओळखते. मघाशी तिचा मला लांबलचक आवाजी मेसेज आला. "संज्या, लेका, दिवाळीपासून एक फोन न्हाई तुझा. मी इकडं तुझ्या पोरासाठी स्थळं बघायलेय अन् तू पुण्यात बसून काय करायलास? अन् त्या नांदेडवाल्याला सांग जरा, सारखं फोटू फोटू करून डोकं खायलाय सगळ्यांचं."

बोलून उत्तर दिलं असतं तर आवाजावरून ओळखलं असतं तिनं. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. लगेच दुसरा मेसेज आला, शंभर वर्षं जग म्हणून. संजूला.