भिशीचं ॲप

प्रोग्रॅम लिहिणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते तो दुसऱ्याच्या फोनमध्ये पोचवणं. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो खरा, पण कंपनीत या भानगडी बघायला वेगळी टीम असते. मला त्या कळल्या मावशीच्या भिशीमुळे.

मावशीची भिशी बारा जणींची. महिन्याला दोन हजार भरायचे, कुणा एकीच्या घरी जमायचं, वाटीतून चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव येईल तिला चोवीस हजार द्यायचे. कुणी भरले, कुणाचे राहिले, कुणी सुट्टे नाहीत म्हणून शंभर कमी दिले, हा सगळा हिशोब मावशीकडे. "तू एवढा कॉम्प्युटरवाला, एक ॲप करून दे की," ती म्हणाली. दिलं. बायकांची यादी, रकमांची बेरीज आणि जिचं येणं बाकी तिच्या नावापुढे लाल ठिपका, बस्स. जुन्या १.४४ एमबीच्या दोन फ्लॉप्यांत मावलं असतं एवढंसं. एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल, तयार केली आणि मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवली.

लगेच फोन. "अरे, तुझा फोन हॅक झालाय. तुझ्या नावानं कुणीतरी ती एपीके का काय ती पाठवतंय."

"मावशी, मीच पाठवलीय."

"तू कशाला पाठवशील? तूच सांगितलंयस ना, असली फाइल सख्ख्या भावाकडून आली तरी उघडायची नाही म्हणून!" आणि मग आवाज बारीक करून, "तूच आहेस ना? मग सांग, यंदा गौरीच्या जेवणात काय कमी पडलं होतं?"

पुरणपोळ्या. परीक्षेत पास झालो, पण फाइल काही तिने उघडली नाही. आणि तिचं बरोबरच होतं. लग्नसराईत पत्रिका म्हणून एपीके पाठवायचा धंदा आपल्याकडे इतका बोकाळला की पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. पत्रिका उघडायला जावं तर फोन विचारतो, इन्स्टॉल करू? 'हो' म्हटलं की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. तीही दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याइतकाच चोरालाही दिसतो. पुढे तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या गोतावळ्याला जाते. म्हणजे 'ओळखीच्याकडून आली' या गोष्टीला काही अर्थच उरत नाही. एपीके उघडून बघितली तर आत साधी झिप फाइल असते. तिच्यावर डिजिटल सही असते, पण त्या सहीची किल्ली कुणीही घरबसल्या बनवू शकतो. पुढची आवृत्तीही त्याच माणसाने केलीय एवढंच ती सही सांगते, तो माणूस कोण हे नाही. माझी सही आणि चोराची सही, मावशीच्या फोनला दोन्ही सारख्याच.

पूर्वी असली चौकशी कुणी करतच नव्हतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणायची, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश करायचं आणि व्हायरस आला की विंडोज पुन्हा टाकायचं. नंतर फोन आले तेव्हा नाक्यावरचा मोबाइलवाला मेमरी कार्डात गाणी भरता भरता दोन-चार गेमही टाकून द्यायचा. एसटीत शेजारी बसलेल्याकडून शेअरइटवरून, नेट न वापरता ॲप घेता यायचं. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात शेअरइटही गेलं. मला त्या काळाचं फार प्रेम नाही, तेव्हाही लोक फसत होतेच. पण एका माणसाने केलेली गोष्ट दुसऱ्या माणसाला देता येत होती.

आता सरळ मार्ग दुकानाचा, म्हणजे ॲप स्टोअर नाहीतर प्लेस्टोअरचा. ॲपलचं दुकान जुलै २००८ मध्ये साधारण पाचशे ॲप्स घेऊन उघडलं, गूगलच्या अँड्रॉइडचं त्याच वर्षी ऑक्टोबरात. (कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे त्याच्या कितीतरी आधीपासून सगळी सॉफ्टवेअर्स एका भांडारातून फुकट घेत होते, पण त्यांना विचारतो कोण.) गूगलकडे एकदाच २५ डॉलर भरायचे, ॲपलकडे दरवर्षी ९९. ॲपलकडे पैसे न भरता आपल्याच आयफोनवर आपलंच ॲप टाकलं तर ते सात दिवसांनी उघडायचं बंद होतं. गूगलचा नियम आणखी मजेशीर. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल तर आधी ठरावीक माणसांनी ते सलग १४ दिवस चाचणीला घेतलेलं असलं पाहिजे. आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ वर आणली.

बारा! मावशीची अख्खी भिशी. परीक्षकही त्याच, गिऱ्हाइकंही त्याच. म्हणजे ज्या बारा जणींसाठी ॲप केलं त्या बारा जणींनी ते आधी पंधरवडाभर वापरायचं, मग ते जगभर खुलं होणार, आणि जगात ते लागणार कुणाला तर याच बारा जणींना.

ॲपमधल्या विक्रीतून दुकानवाले तीस टक्क्यांपर्यंत कमिशन घेतात, त्याचं भांडण मोठ्यांचं आहे, त्यात मी पडत नाही. मार्च २०२४ मध्ये फीच्या वादात 'नौकरी', '९९एकर्स' यांच्यासारखी नावाजलेली ॲप्ससुद्धा प्लेस्टोअरवरून काही दिवस गायब झाली होती. माझं दुखणं लहान आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की दुकानाबाहेरून येणाऱ्या ॲपच्या कर्त्यालाही आपली ओळख पटवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकीचे देश त्यानंतर. पत्रिकावाल्या चोरांमुळे हे करावं लागतंय हे मला पटतं. तरीही घरच्या हळदीकुंकवाला वॉर्ड ऑफिसातून परवाना आणायला लावल्यासारखं वाटतंच. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं, मोजक्या फोनपुरतं खातं ठेवू असं गूगलने म्हटलंय. ते मिळालं तर माझी तक्रार बरीचशी मिटेल. हजार अनोळखी लोकांना ॲप वाटणारा आणि मावशीला देणारा, या दोघांत फोनने फरक करावा एवढंच मागणं आहे.

तोवर मी सगळं उचलून साध्या वेबपानावर टाकलं. वेबपानाला दुकान लागत नाही, परीक्षक लागत नाहीत, आणि ते कुणाचे एसएमएसही वाचू शकत नाही. ब्राउझरच्या मेनूतून होमस्क्रीनवर टाकलं की चिन्हही दिसतं, वर कुणी त्याला ॲप म्हणलं तर मी नाही म्हणत नाही. एक मेख आहे. हिशोब त्या ब्राउझरमध्येच राहतो, फोन भरला म्हणून कुणी तिथला डेटा पुसला की हिशोबही गेला. म्हणून 'हिशोब पाठव' असं एक बटण केलं. ते दाबलं की सगळी यादी साध्या मजकुरात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाते.

मावशीच्या फोनवर झालं. बाकीच्यांसाठी तिने ग्रुपवर लिंक टाकली. कुणीही उघडली नाही. एकीने खाली लिहिलं, "ताई, अनोळखी लिंकवर क्लिक करायचं नसतं. तुमचा फोन हॅक झालाय का?" शेवटी पुढच्या भिशीला मलाच बोलावलं. साबुदाणावडे खात खात एकेकीचा फोन हातात घेऊन मी पत्ता टाइप करत बसलो. त्यात एकीचा मुलाने अमेरिकेहून पाठवलेला आयफोन होता, त्यावरही चाललं.